हँगरमधली उंची

३ मे
पोहोचलो एकदाचा! घर लहान आहे, पण घराला लागूनच विमान ठेवायचा हँगर, आणि हँगरच्या दारातून निघालेलं गवत थेट धावपट्टीला भिडतं. सारा जन्म विस्कॉन्सिनात गेला, पण असा शेजार मिळाला नव्हता. इथे दारोदार विमानं, आणि तीही ज्याची त्याने घरी बांधलेली. माझं मात्र विकतचं. हाल्वर टॉलेफसनने वर्षानुवर्षं खपून ते बांधलं आणि एकदाही उडवायच्या आत बिचारा झोपेत हृदयविकाराने गेला. त्याच्या बायकोकडून, सिग्नीबाईंकडून, मी घर आणि विमान एकदमच घेतलं. काय हात होता त्या माणसाचा! समोर दोन मोठे पडदे. वेग, उंची, इंजिनाची तब्येत, खालच्या मुलखाचं रंगीत चित्र, सगळं त्यांवर. त्यांच्या खाली एक जुनाट गोल तबकडी, काट्याने उंची दाखवणारी. ती तेवढी डोळ्यांत खुपते. जुलैत याच विमानाने माझ्या लेकीकडे, मार्सीकडे जाणार. तिला कळवूनही टाकलं.

८ मे
क्लबात शुक्रवारचे तळलेले मासे खायला गेलो. मी बाकावर बसलो आणि शेजारचे दोघे ताटं उचलून पलीकडे गेले. डेलमार क्राउझ इथल्या सगळ्यांची विमानं तपासून देतो, त्याचा शब्द कोणी मोडत नाही. तो तोंडावरच म्हणाला, की ते धूड आम्ही करवतीने कापणार होतो, तू कुठून टपकलास मध्येच? इथली एक रीत आहे. पंखाचा शेवटचा पत्रा ठोकण्याआधी हातभार लावलेले सगळे आतल्या बाजूला नावं लिहितात. हाल्वरच्या पंखात या सगळ्यांची नावं आहेत, आणि ती त्यांना आता तिथे नको आहेत. का, ते कोणी सांगेना. माझी बीअर तशीच राहिली.

११ मे
पडदे पहिल्यांदा सुरू केले. दोघांवर उंचीचा एकच आकडा, तबकडीवर मात्र त्याहून थोडा कमी. दोघं एकमताने बोलत असतील तर तिसरा चुकतोय, एवढं शेंबडं पोरही सांगेल. डेलमार दारापर्यंत आला, उंबरा ओलांडला नाही. उंची मोजायला लागणारी हवा दोन्ही पडद्यांना एकाच नळीतून मिळते, तेव्हा त्या दोन साक्षी नव्हेतच, म्हणाला. तबकडीला हात लावू नकोस. बोलला असा, जणू कुत्र्याला दटावतोय. मी टेलिफोन कंपनीत हयात घालवली, आणि हा मला तारा शिकवणार! तो वळताच पकडीने पिळून तबकडी काढली. काढताना काटा वाकला. वाकू दे. तिच्या जागी भोक राहिलंय, वर पत्रा लावीन.

१४ मे
हँगरचं दार बंद. इंजिन अजून एकदाही सुरू केलेलं नाही. तरी पडद्यांवर वेग दिसतोय आणि उंची चढतेय. चित्रात आमची धावपट्टी मागे पडत चाललीय. डावा पडदा जे सांगतो त्याला उजव्याची मान डोलतेच. मुख्य बटण बंद केलं, पडदे चालूच. मग तारा धुंडाळल्या. हवेत कधीही विझू नयेत म्हणून हाल्वरने प्रत्येकाला स्वतंत्र बॅटरी दिलीय, विजेची एक वाट तुटली तर दुसरी ठेवलीय, आणि बंद करायची सोय कुठेच नाही. काम इतकं चोख, की मनातल्या मनात मी त्याला दाद दिली.

१६ मे
पडदे विझलेले नाहीत. चित्रात आता सरोवराचा किनारा.
सिग्नीबाईंकडे गेलो. त्यांनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. फटीतूनच सांगितलं, हाल्वर बिछान्यात गेला नव्हता. याच हँगरमध्ये, बंद दाराआड, सीटवर पट्टा बांधलेला सापडला. विमान वर उचलायचा दांडा पोटाशी ओढून धरलेला, बोटं एकेक करून सोडवावी लागली. पडद्यांनी त्याला कोसळताना दाखवलं आणि त्याने ते खरं मानलं. विमान कापायचं तर आधी बॅटऱ्या काढायला आत बसावं लागणार, म्हणून डेलमारने नंतर ती तबकडी बसवली होती. आत बसणाऱ्याला जमीन कुठे आहे ते दिसत राहावं म्हणून.
मी घाबरलोय. लिहायला लाज कसली.

१७ मे
डेलमारकडे गेलो. माफी मागितली. त्याने एवढंच विचारलं, तबकडी जागेवर आहे ना? नाही म्हणालो. त्याने दार लावून घेतलं, आतून कडी घातली.
परत येताना गल्लीतली हँगरची दारं एकामागून एक खाली येत होती. भर दुपारी.
काटा सरळ करून पाहिला. तबकडी मेलीय.

१८ मे
चित्रात सगळीकडे पाणी.
मार्सीचा फोन. जुलैपर्यंत कोण थांबतंय, उद्याच निघते, म्हणाली. आल्या आल्या आधी विमानात बसणार. नको म्हणालो तर हसली, बाबा, तुम्ही पण ना!
कोणी करवत देत नाही. कोणी दार उघडत नाही. ती यायच्या आधी बॅटऱ्या निघायलाच हव्यात, आणि तिथे हात पोहोचतो तो फक्त सीटवरून.

१९ मे
आत बसलोय. उडणारे बांधतात तशी वही मांडीला बांधलीय — खरं काय ते लिहीत राहिलो तर डोकं ताळ्यावर राहील.
खरं: चाकं फरशीवर आहेत. दार बंद आहे.

एक बॅटरी निघाली. पडदे चालूच.

आकडे उतरतायत. डावा — उजवाही तेच —

चाकं फरशीवर आहेत. वरचं काचेचं झाकण मी लावलं नव्हतं. उघडत नाही.

अंग सीटवरून उचललं जातंय, पाळणा खाली येताना जातं तसं. हे खोटं आहे. खोटं आहे. दांड्याला हात लावायचा नाही —

एका हाताने लिहितोय. दुसरा दांड्यावर आहे. कधी गेला —

मार्सी, आत बसू नकोस. आधी तबकडी —

फरशीवर आहेत. चाकं फर

तबकडीच्या भोकातून वारा येतोय. गार. पाण्याचा वास