हक्कसोडपत्रावर निळा खडू

३ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

आईबाबांच्या घराचं छप्पर अखेर माझ्या शिलाईच्या खोलीत उतरलं. पडलं नाही, घाबरू नकोस. पण स्लॅबमधून पाणी झिरपून एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर असा डाग पडला की तो कोट मलाच ठेवून घ्यावा लागला. दुरुस्तीसाठी बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण तिथले साहेब म्हणतात, घर दोघा भावंडांच्या नावावर, म्हणून प्रत्येक कागदावर दोघांची सही हवी, तीही महिनाअखेरच्या आत. आता तुझी सही आणू कुठून? दोन वर्षांत इकडे फिरकला नाहीस. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, जरा स्वतःही हल की!

वाट बघून कंटाळलेली,
ताई

१० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोट मला पाठव, डागासकट वापरीन.

सहीसाठी दर वेळी माझ्यामागे कशाला लागायचं? घर तुझ्या एकटीच्या नावावर करू. वकिलांकडून हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेतलाय, सोबत आहे. नोंदणी कार्यालयात तू, मी आणि दोन साक्षीदार, की झालं काम. मला मोबदला वगैरे काही नको, तसंच त्यात लिहिलंय. वाचून लगेच परत पाठव. आणि हात आवर, तुला काही दिसलं की कापावंसं वाटतं.

आहे तेवढा लोभ पुरे, रागावू मात्र नकोस.

तुझा,
ढब्बू

१५ जानेवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद आत्ता देत नाही, राग उतरला की बघू.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मला धड रागावता येत नाही, हसू येतं. तुझा तो मसुदा तीनदा वाचला. ‘या मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क, अधिकार अथवा संबंध राहणार नाही.’ अरे, संबंध राहणार नाही? असं लिहिताना तुझा हात कसा धजला? दोन वर्षं आला नाहीस, तेव्हा म्हटलं कामात असशील. आता कळलं, तुला मोकळं व्हायचंय.

खडू हातातच होता. ते वाक्य खोडलंय आणि बाजूला नवीन लिहिलंय: भावाला हक्काने येण्याचा, वाटेल तेवढं राहण्याचा, पंखा आपल्याकडे वळवण्याचा आणि बहिणीशी भांडण्याचा हक्क राहील. हे चालणार असेल तर ये. नाहीतर गळू दे छप्पर, मी छत्री धरून शिवीन.

ताई

२० जानेवारी

ती. ताईंना शि. सा. न.

ह्यांच्याआधी मीच लिहिते, कारण हे तुमचं पत्र वाचून जेवले नाहीत. जेवण सोडणारा माणूस आहे का हा, तुम्हीच सांगा!

वकील तुमचा निळा खडू बघून पाच मिनिटं हसले. मग म्हणाले की राहण्याचा हक्क कागदात ठेवला तर मालकी निखळ तुमची होत नाही, आणि बँक पुन्हा अडून बसेल. मी औषधाच्या दुकानात काम करते, बारीक अक्षर वाचायची सवय आहे. ते वाक्य फक्त भिंती-छपराबद्दल आहे हो, माणसांबद्दल नाही.

आता यांनी सांगू नकोस म्हटलेलं सांगते. आम्ही आलो की तुम्ही मशीन बाजूला करून ती खोली आम्हाला देता, काम बंद ठेवता आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपता. यांना ते बघवत नाही, म्हणून येणं टाळतात. सासूबाईंचं दुखणं सात वर्षं तुम्ही एकटीनं काढलंत. घर ताईचंच आहे, कागदच मागे राहिलाय, असं हे म्हणतात. मलाही मनापासून तसंच वाटतं. नाही म्हणू नका.

अठ्ठावीसला येतोय. या धाकटीवर माया असू द्या.

तुमची,
भावजय

२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस आणि त्याच्या शहाण्या बायकोस अनेक आशीर्वाद, मागचे थकलेलेही धरून.

नोंदणी झालेला दस्त परवा, एकतीसलाच हातात आला आणि बँकेत दिलासुद्धा. गवंडी सोमवारपासून येतोय. नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी राजीखुशीने सही करताय ना म्हणून विचारलं, तेव्हा तू एवढ्या मोठ्यानं हो म्हणालास की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली. मला मात्र रडू आवरेना. साक्षीदारांना वाटलं, माझंच घर जातंय.

एक गोष्ट तेव्हा बोलले नाही, आता बोलते. सही करून घरी आलो, तर तू उंबऱ्याबाहेर थांबलास आणि आत येऊ का म्हणून विचारलंस. गंमत करत होतास, ठाऊक आहे. पण या दारातून तू कधी विचारून आला होतास रे?

तर नीट वाच. तुझा हक्क तू सोडलास, सहीशिक्क्यानिशी सोडलास. आता घर माझं एकटीचं, इथं कोणी कसं यायचं ते मीच ठरवणार. तू विचारून यायचं नाही.

तुझी,
मालकीण