दोष बोंबलाचा नाही

टेंभी नाका, ठाणे
१० नोव्हेंबर २०२४

चि. प्रीतीस,
भीमाआत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

चौथ्या माळ्यावरच्या माझ्या माणसांनो! दचकू नकोस, पत्र तुलाच आहे, पण शेजाऱ्यांनाही वाचून दाखव. तुमच्याकडे आले की एकच गाऱ्हाणं ऐकते: खाली काहीही झालं तरी वरच्यांना कुणी विचारत नाही. खरं आहे. मग वरच्यांनीच विचारायला हवं.

परवा तुझ्याकडे बसले होते तेव्हा तळमजल्यावर लक्ष्मीबाई बोंबील तळत होत्या. वास खिडकीतून नव्हे, तुमच्या दाराच्या वरून येत होता. म्हणून मी स्टुलावर चढले आणि तुझी बोलणी खाल्ली. माळ्यामाळ्यांतून वर जाणाऱ्या वायरींच्या पोकळीतून, म्हणजे डक्टमधून, वायरी घरात शिरतात तिथे भिंतीला पंजा जाईल एवढं भोक आहे, आणि झुरळं येऊ नयेत म्हणून महेंद्रने त्यात जुना बनियन कोंबलाय! बाहेर डक्टचं दार उघडलं, तर खालच्या स्लॅबलाही वायरींभोवती भगदाड. अगं, ज्या वाटेने वास वर येतो त्याच वाटेने उद्या धूर येईल. लिफ्ट बंद असेल. तू आणि महेंद्र पायऱ्या उतराल. अर्धांगाने खुर्चीत बसलेला तुझा सासरा, माझा धाकटा भाऊ सखाराम, कसा उतरेल? मोहने गावच्या कारखान्यात याच माणसाचा आवाज गेटपर्यंत पोहोचायचा. आज फोनवर शब्द फुटत नाही, म्हणून तर मी पत्रं लिहिते. त्याला हातात धरून वाचता येतात.

मीटिंगमध्ये हे मांड. चिंध्या नकोत, फटी भरायचा साधा पिवळा फोमही नको, दोन्ही पेटतात. आग अडवणारं भरणं जाणकाराकडून करून घ्या.

माया आहेच, ती माझ्या भाषणांनी आटू देऊ नकोस.
तुझी,
भीमाआत्या


मानपाडा, डोंबिवली पूर्व
२६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र मीटिंगमध्ये वाचलं. ‘माझ्या माणसांनो’ला टाळ्या पडल्या. अध्यक्ष विश्रामकाका म्हणाले की मुद्दा अगदी पटला. आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली, की तळमजल्यावर कुणी मासे तळू नयेत!

आत्या, हसू की रडू कळेना. लक्ष्मीकाकू तडक वर आल्या. म्हणाल्या की सखारामदादांना बोंबील आवडतात म्हणून आजवर त्यांच्या नावाचे दोन जास्तीचे तळत आले, आणि तुम्हीच माझी चुगली केलीत! बाबा चांगल्या हाताने नाही नाही करत राहिले. बोलता येईना, तसे त्यांचे डोळे भरले. काकूंनी ते पाहिलं, पण तशाच खाली निघून गेल्या. तेव्हापासून ताटही नाही आणि वासही नाही. भोक मात्र तसंच आहे.

महेंद्र म्हणतो, आत्याला म्हणावं पुढचं भाषण छोटं कर. चूकभूल पोटात घाला.
तुमची,
प्रीती


टेंभी नाका, ठाणे
१ डिसेंबर २०२४

चि. प्रीतीस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

महेंद्रला सांग, घे छोटं भाषण: दोष बोंबलाचा नाही, भोकाचा आहे. नोटीस लावून तळणं थांबेल. धूर नोटीस वाचत नाही!

घरात काय शिजावं हे सांगायला निघालेल्यांशी मी जन्मभर भांडले, आणि माझ्याच पत्राने एका बाईची चूल अडावी? सोबत लक्ष्मीबाईंना वेगळी चिठ्ठी आहे. माफी मागितली आहे आणि एक विनंतीही केली आहे. त्यांनी बोंबील तव्यावर टाकावेत, आणि त्याच वेळी तू विश्रामरावांना पाचव्या माळ्यावर, त्यांच्याच दारासमोरच्या डक्टपाशी उभं करावंस. बाकीचं भाषण बोंबील करतील.

रागावली असलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझी,
भीमाआत्या


मानपाडा, डोंबिवली पूर्व
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांस,
सविनय जयभीम वि. वि.

आधी हे वाचा: आम्ही सगळे सुखरूप आहोत.

डिसेंबरात लक्ष्मीकाकूंनी तुमची चिठ्ठी वाचून बोंबील तळले, विश्रामकाकांनी डक्टपाशी नाक धरलं, स्वतः खाली जाऊन नोटीस फाडली आणि कारागीर आणले, ते फोनवर सांगितलंच होतं. प्रत्येक माळ्यावर त्यांनी वायरींभोवती दगडापासून केलेली लोकर घट्ट बसवली आणि वरून आगरोधक लेप दिला. आमच्या दारावरचा बनियनही गेला.

काल दुपारी तळमजल्यावरची मीटरची पेटी पेटली. महेंद्र कामावर होता, लिफ्ट बंद. जिन्यात धूर भरला म्हणून दार लावून फटीला ओलं फडकं दाबलं आणि बाबांची खुर्ची खिडकीशी ओढली. मग स्टुलावर चढून भिंतीच्या त्या जागी नाक लावलं. काहीही येत नव्हतं, आत्या. काहीही नाही! खाली उतरले, तेव्हापासून बाबांनी माझा हात सोडला नाही. आग विझल्यावर अग्निशमन दलाचे जवान वर आले. त्यांच्यातल्या एकाने डक्ट उघडून पाहिलं. तळमजल्यावर आतली भिंत काळी होती, आमच्याकडची पांढरी. तो म्हणाला की हे ज्याने सुचवलं त्याला आमचाही नमस्कार सांगा.

संध्याकाळी लक्ष्मीकाकू ताट घेऊन आल्या. म्हणाल्या की वास आता वर पोहोचत नाही, तर बोंबीलच आणून देते. खाली बाबांनी स्वतः डाव्या हाताने लिहिलंय, वाकडं आहे, समजून घ्या.

तुमचे उपकार मानले तर ओरडाल, तरी मानते.
तुमची,
प्रीती

ताई, जिवंत आहे. बोंबील छान.
सखाराम


टेंभी नाका, ठाणे
१९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतीस, आणि माझ्या सख्या,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

सख्याची ओळ उशाशी ठेवली आहे. आयुष्यभर सभा गाजवल्या, पण एवढं मोठं भाषण मला कधी जमलं नाही.

उपकार माझे कसले? नोटीस फाडणाऱ्या विश्रामरावांचे माना. लेप देणाऱ्या कारागिरांचे माना. आणि अपमान गिळून तवा चढवणाऱ्या लक्ष्मीबाईंचे सगळ्यांत आधी. त्यांना माझा जयभीम सांग. पुढच्या खेपेला मी त्यांच्याकडेच जेवणार आहे.

काल मी माझ्या बिल्डिंगचा डक्ट उघडला. वायरींभोवती खालच्या माळ्याचा उजेड दिसला. दुसऱ्यांना शहाणपण सांगणाऱ्या भीमाबाईच्या पायाखालीच भोक!

म्हणून हे पत्र मीटिंगमध्ये वाच, आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या नातेवाइकांना वाचून दाखवावं. माझ्या माणसांनो, या रविवारी आपल्या माळ्यावरच्या डक्टचं दार उघडा. आत हात घालू नका. खालच्या माळ्यावरच्या उघड्या डक्टपाशी एकाला टॉर्च पेटवून उभं करा, आणि वायरींभोवती त्याचा उजेड दिसला, तर तिथूनच अध्यक्षांना हाक मारा.

तुमची,
भीमा