बाळंतिणीच्या खोलीतली पेटी

१२ डिसेंबर
सूर्यमाळहून एसटीने जव्हारला आले. नात मंजुषा बाळंतीण, मुलगी झाली. मंजीच्या आईला नोकरीतून सुट्टी नाही, म्हणून म्हातारीची आठवण. तान्ह्या पोरीला मी चिमी म्हणते. घर झकास! वर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा, थंडी शिरायला फट नाही. आमच्या कुडातून वारा पाहुण्यासारखा येतो-जातो.
नातजावई हेमंत कॉलेजात वायू हुंगणाऱ्या पेट्या करतो. एक या खोलीत टांगलीय. म्हणाला, आजी, ही जेव्हा वाजेल, तेव्हा घरात काय चाललंय, ते वहीत लिहा. माझी शाळा चौथीत सुटली. पण लिहीन. या कामात वाकावं तर लागत नाही.

१३ डिसेंबर
पेटी वाजली, लसणाची फोडणी होती. परत वाजली, मंजीने हाताला ते दवाखान्याच्या वासाचं पाणी चोळलं.
हेमंतने समजावलं. आत कथलाची, म्हणजे कल्हईच्या धातूची, भुकटी आहे. तिला डोळ्यांना न दिसणारे काटे उगवलेत, निवडुंगासारखे. काटे जास्त तेवढा वायू जास्त अडकतो. जुन्या पेटीला खोलीभर लागायचा, हिला चिमूटभर पुरतो. पण कोणता वायू ते ही ओळखत नाही, फोडणीलाही ओरडते. म्हटलं, म्हणजे नाक दिलंस, अक्कल द्यायची राहिली. हसला. मग तोंड लांब करून म्हणाला, खरी ही कोळशाच्या वायूसाठी. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेगडी लावाल तर खिडकी उघडी ठेवा.
माझी सगळी बाळंतपणं शेगडीवर झाली. झोपेत कोणी गेलं नाही. गेले ते दारूने.

१५ डिसेंबर
हेमंत पेट्या तपासून घ्यायला मुंबईला गेला. थंडी हाडात शिरते. शेगडी पेटवून बाजेखाली सरकवली, वर ओवा, बाळंतशेपा टाकला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून काच ओढली. पेटी वाजली. कारण: ओवा.
शेजारची सलिमा मंजीला प्यायला गरम हरीरा घेऊन आली. आत पाऊल टाकताच म्हणाली, आजी, दम कोंडतोय, खिडकी उघडा. म्हटलं, बाई, तुझ्या घरची उघड.
हेमंतचा फोन आला. ओव्याला वाजते म्हटल्यावर खूश झाला. शेगडीचं बोलले नाही. उगाच ओरडला असता.

१६ डिसेंबर
डोकं जड. मंजी ओकली. पाजताना तिचा हात सुटला, चिमीला मीच धरली. म्हटलं, माझ्या वेळी आम्ही बाराव्या दिवशी उठून भात सडायचो. ऐकलं नसावं.
एक बघितलं. अंगणात गेले की डोकं उतरतं, आत आले की चढतं. म्हणजे जे काही आहे ते या खोलीतच आहे.

१७ डिसेंबर
कोपऱ्यात बाई बसलीय. पाठमोरी. मंजी म्हणाली, आजी, ती चिमीकडे बघतेय. दोघींना दिसली, म्हणजे खोटं नाही. बाहेरचं शिरलंय. असलं फटीतून शिरतं. दाराखाली गोधडी कोंबली, काचेच्या कडेला चिंध्या. निखारे वाढवले, आगीला ते भितं.
पेटी थांबतच नाही. हीच तिला हाक मारत असेल. तांदळाच्या डब्यात पुरली. तरी आतून ओरडते.
भीती वाटायला हवी. वाटत नाही. दातात दवाखान्याची सुई मारल्यावर होतं, तसं सगळीकडे.

१८ डिसेंबर
बाई जवळ सरकली. आणखी कोळसे घातले.
पाय माझे नाहीत —
मंजी झोपलीय. गाल लालबुंद. बाळंतपणापासून पहिल्यांदा रंग आला. शेक लागला म्हणायचा.
सलिमा दार ठोकतेय. खिडकी उघडा म्हणते, ओरडते, शेजारच्यांना बोलावते. उघडलं तर बाईला आणखी सोबत — नाही उघडणार. कडी घातलीय.

तीच तारीख
चिमी रडत नाही. दूध मागत नाही. शहाणी.
मंजीला हलवलं. हलली नाही की मी हलवलंच नाही —
बाई बाजेवर बसली. तोंड अजून दिसत नाही. म्हटलं, बये, जरा सरक, मला पण पडू