धक्क्यावर सुटलेला दोर

६ नोव्हें.
पेपरात कोकणातल्या जुन्या धक्क्याचा फोटो. पाडणार म्हणे. आबांनी कात्रीनं नीट कापून घेतला. तरुणपणी ट्रकातून गुळाचे रवे घेऊन घाट उतरायचे, तिथून लाँचनं माल मुंबईला. "ने की मला एकदा तिकडं." लग्न होऊन आले तेव्हापासून सासऱ्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

१० नोव्हें.
यांना सुट्टी नाही. मीच शाळेत रजा टाकली.

१४ नोव्हें.
धक्का कसला, सांगाडा. खांबांच्या सळ्या उघड्या. तिकिटाच्या खोलीत पिंपळ उगवलाय, खिडकीवर फक्त 'मुंबई' वाचता येतं. टोकाकडं जाऊ नका, खालून पोकळ आहे, असं जाळं विणणारा ओरडला.
आबा मध्येच थांबले. "म्हादू हितनं पडला."
म्हादू, त्यांचा जोडीदार. दोर तुटून लाँच सरकली, फळीवरून खाली गेला, चिरडला. घरात सगळ्यांना ठाऊक.
"दोर तुटला नव्हता, पोरी. मीच सोडला. हात सोलला हुता, एवढंच."
भरती चढेपर्यंत शेजारी उभी राहिले.

१५ नोव्हें.
परतलो. घरी यांना विचारलं, म्हादूची बायको कुठं असते? शाहूवाडीकडं, लेकीजवळ. "का गं?" सहज, म्हटलं. खोटं बोलायला मलाही लागलं नाही काही.

१८ नोव्हें.
आबांना सांगितलं, म्हादूची बायको शाहूवाडीकडं आहे.
"इंदाक्का हाय? अजून हाय?" चहा तसाच निवला. मग म्हणाले, "सांगिटलं तर माझं हलकं हुईल. तिचं काय?"
दिवसभर तेच डोक्यात. आयुष्यभर तिनं दोराला दोष दिला. आता या वयात माणसाला द्यायचा?

२३ नोव्हें., रवि.
शेवटी आबाच तयार होऊन बसले. गेलो.
इंदाक्का अंगणात भात वाळवत होत्या. बघताक्षणी ओळखलं. "किती वर्सं वाट बघायची वो माणसानं!" हात धरून आत नेलं, ताट वाढलं. आबांचा घास हातातच. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले.
आतून बराच वेळ इंदाक्कांचा आवाज. मग आबांचा, बारीक.
आबा एकटेच बाहेर आले. इंदाक्का दारापर्यंतही आल्या नाहीत. गाडी वळवताना लेक पळत आली, तांदळाची पिशवी खिडकीतून आत दिली. "आईनं दिलंय."
आबांनी पिशवी मांडीवर घेतली. घर येईपर्यंत खाली ठेवली नाही. सांगितलं का, हे मी विचारलं नाही अजून.