चौथी छत्री

सीवूड्स, नवी मुंबई
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय उज्वलाआत्या,

तुला नमस्कार. क्षेमकुशल दोन ओळींत आटोपून मुद्द्याला हात घालावा, असे तू सातवीच्या वर्गात शिकवले होतेस. तेव्हा क्षेमकुशल असे: मी बरी आहे, बाबांचा गुडघा हिवाळ्याच्या मानाने बरा आहे, आणि तू पेणहून पाठवलेले पोह्याचे पापड आईने शेजाऱ्यांपासून लपवून ठेवले आहेत.

तुझे पत्र बुधवारी मिळाले. ‘फोनवर तू मध्येच विषय बदलतेस आणि गटात लिहिले तर तुझी सगळी मंडळी वाचतील, म्हणून पत्र,’ हे तुझे म्हणणे मान्य. तू तीन प्रश्न विचारले आहेस आणि शेवटी एक अट घातली आहेस. मी शिक्षिका असल्यामुळे क्रमानेच उत्तरे देईन. क्रम सोडला की माझा गोंधळ होतो, आणि सध्या तो तसाही बराच आहे.

तुझा पहिला प्रश्न: ‘तुम्ही विमानातून उड्या मारणारी माणसे, म्हणून मी कौतुकाने तुमच्या गटात आले. तर तिथे दिवसभर पाणी आले नाही, पापलेट महागले, सोसायटीची निवडणूक, एवढेच. उडीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. असे का?’

आत्या, व्हॉट्सअॅपवर आमचे गट दोन आहेत. एकाचे नाव ‘उडी’. त्यात हवामान, साहित्य आणि रेल्वेची तिकिटे याखेरीज काहीही लिहायचे नाही. दुसऱ्याचे नाव ‘इतर गप्पा’. त्यात उडीखेरीज काहीही लिहावे. तुला मी या दुसऱ्यात घेतले आहे. या विभागणीमागे विचार आहे. वाऱ्याचा वेग कळवणारा निरोप कुणाच्या पुरणपोळीच्या फोटोखाली दडपला गेला, तर ते महागात पडू शकते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्यांना वर्षातून दोनदा एकमेकांच्या भरवशावर दहा हजार फुटांवर जायचे असते, त्यांनी उरलेले दिवस एकमेकांची साधी, जमिनीवरची ओळख ठेवावी. अर्पिताला सर्दी झाली की ती चिडते, हे मला पाण्याच्या टँकरवरून झालेल्या वादात कळले. विमानात ते उपयोगी पडले.

परवाचेच बघ. निकेशने सकाळी लिहिले, ‘आमच्या दिवाल्यात आज बी पानी नाय. टँकरवाला बोलतो, येतो येतो. कवा येतो, फ्लेमिंगो परत गेल्यावर?’ निकेश बँकेत आहे, पण त्याची आई अजून दिवाळे गावात मासळी विकते, त्यामुळे पाणी आणि मासे या दोन विषयांत त्याचा शब्द शेवटचा. त्यावर कोपरखैरण्याचे आमचे हरेशदादा, जे सगळ्यांत वडीलधारे आणि चार मजल्यांचे घरमालक: ‘विमानतल दारात आला, नळाला पानी नाय आला. आता काय विमानातनं आनायचा?’ रबाळ्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणारी अर्पिता म्हणाली, ‘दादा, तुमचे भाडेकरू बादल्या घेऊन रनवेवर उभे असतील, बघा जरा.’ मग तू विचारलेस, ‘इतका जवळ विमानतळ असताना तुम्ही उडी मारायला परराज्यात का जाता?’ आणि सगळे एकदम गप्प झाले. तुझे काही चुकले नव्हते. तो विषय पलीकडच्या गटाचा, एवढेच. (उत्तर सोपे आहे: प्रवासी विमानांच्या वाटेत माणसे टाकायला कुणी परवानगी देत नाही.)

दुसरा प्रश्न: ‘मी गटात आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो टाकला, तर त्या निकेशने माझ्याकडे पापलेट का मागितले? ओळख ना पाळख!’

ही आमच्यातली रीत आहे. जगभर उड्या मारणाऱ्यांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते. कुणीही कोणतीही गोष्ट पहिल्यांदा केली, तर त्याने बाकीच्यांना काहीतरी खाऊपिऊ घालायचे. पहिली उडी, पहिल्यांदा चिखलात उतरणे, पहिल्यांदा स्वतःची छत्री स्वतः घडी करणे. (पॅराशूटला आम्ही छत्रीच म्हणतो.) इतर ठिकाणी बहुधा बियर असते. आमच्यात निकेश असल्यामुळे मासे. मात्र ‘पहिल्यांदा’ हा शब्द गुन्हेगाराच्या स्वतःच्या तोंडून यावा लागतो. म्हणून आमच्यातले सराईत तो शब्दच टाळतात. तू नवखी, आपणहून बोलून बसलीस. निकेश सोडणार नाही. पापड पाठवून तडजोड होते का, ते बघते.

आता अट. फेब्रुवारीत तुला जोडीची उडी घ्यायची आहे. वाचून मी खुर्चीतून उठले! डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागेल, ते घेशीलच. जोडीच्या उडीत तुला पट्ट्यांनी प्रशिक्षकाच्या छातीशी बांधतात; छत्री त्याच्या पाठीवर, निर्णय त्याचे. सुरुवातीच्या काही क्षणांत वेग वाढतो, पोटात खड्डा पडतो. मग हवेचा विरोध आपल्या वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. तो थांबला की पडत असल्याची जाणीवच नाहीशी होते. आपण वाऱ्याच्या गादीवर पालथे झोपलो आहोत, आणि कुणीतरी खालून जग हळूहळू मोठे करत आहे, असे वाटते. मुलांना वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर बाण काढते, पण खरे सांगायचे तर बाणांत ते मावत नाही.

तुझी अट अशी, की जोडीची उडी शेवटी असते, त्यामुळे तू विमानात बसून आधी मला उडी मारताना पाहणार. ‘तू गेलीस की मी जाईन. तू नाहीस तर मीही नाही.’

तुझा तिसरा प्रश्नही त्याच पानावर आहे, हे मला दिसते आहे. ‘डिसेंबरच्या फोटोंत निकेश, हरेश, अर्पिता छत्र्या कवटाळून उभे आहेत. तू कुठेच नाहीस. का?’

चहा करून आले. फोटो अर्पिताच्या फोनवर काढले होते आणि मी तेव्हा, म्हणजे मी विमानाकडे होते. हे खोटे नाही. पण तुझ्या वर्गात ‘उत्तर अपूर्ण’ असा शेरा मिळेल असेच आहे.

पूर्ण उत्तर असे. मी उडी मारलीच नाही. तिघे गेले, मी गेले नाही. मी विमानातून खाली आले.

क्रमाने सांगते. शेवटची जाणारी मीच असते, कारण दाराशी प्रत्येकाच्या पाठीवरचे साहित्य पुन्हा एकदा तपासणे हे माझे काम. हवा स्वच्छ होती. वारा मर्यादेत होता. साहित्य मी स्वतः तपासले होते. प्रकृती ठीक होती, नाडी नेहमीइतकीच. विमान वर चढत असताना निकेश आणि हरेशदादा टाकीवरून भांडत होते. निघण्याच्या घाईत निकेशच्या इमारतीच्या टाकीचे झाकण उघडे राहिले होते, आणि दादा ओरडून सांगत होते, ‘आता बगळा पडंल तुज्या टाकीत, मग कर आंघोल!’ आम्ही हसत होतो. दार उघडले. निकेश गेला, दादा गेले, अर्पिता गेली. मी कडेला बसले, पाय बाहेर सोडले, हात दांडीवर. खाली कुणाच्या तरी शेतात मोहरी पिवळी झाली होती. मला वाटले, निकेशने झाकणाचे कुणाला कळवले असेल का?

आणि हात सुटला नाही.

भीती वाटली असती तर बरे झाले असते, आत्या. भीतीचे शास्त्र आहे, तिच्यावर उपाय आहेत, ते मी इतरांना शिकवतेसुद्धा. मला भीती वाटली नाही. दुःख नव्हते, कसली आठवण नव्हती. टाकीचे झाकण होते. वैमानिकाने वळून पाहिले आणि म्हणाला, ‘मॅडम, जाना नहीं है तो दरवाज़ा बंद कर दो, ठंड लग रही है.’ मी दार बंद केले.

खाली उतरल्यावर कुणी काहीही विचारले नाही. दादांनी चहाचा कप हातात दिला. त्यांचा चेहरा मला परका वाटला. निकेश छत्रीची घडी घालत राहिला, त्याने वर बघितले नाही. परतीच्या गाडीत रात्रभर लोकसभेपासून लोणच्यापर्यंत सगळे विषय झाले. महिना होत आला, ‘इतर गप्पा’ जोरात चालू आहेत आणि मला ते वाचताना असे वाटते, की सगळे माझ्याभोवती फेर धरून बोलत आहेत, मध्ये मी आहे आणि माझे नाव तेवढे कुणी घेत नाही. कीव करतात का? ‘ही आता संपली,’ असे ठरवून मोकळे झाले आहेत का?

गंमत अशी, की न विचारण्याचा नियम माझाच आहे. प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी तो समजावते: विमानातून परत येणाऱ्याला कारण विचारायचे नाही. खाली जाऊन उत्तर द्यावे लागेल या धास्तीने माणूस नको तेव्हा उडी मारतो. नियम बरोबर आहे. आजही मी तोच शिकवीन. फक्त त्याच्या आत बसल्यावर इतके एकटे वाटते, हे मला ठाऊक नव्हते.

विचारलेस ते तू एकटीने, कारण नियम तुला माहीत नव्हता. फेब्रुवारीची नावे ‘उडी’ गटात कळवायची आहेत. माझे नाव मी अजून दिलेले नाही. मी नाही तर तूही नाहीस, म्हणजे माझ्या एका ‘नाही’त तुझे ‘नाही’ धरले जाणार. पत्र इथे थांबवते, उद्या पुरे करीन.


सोमवार, संध्याकाळ

आत्या, काल पत्र बाजूला ठेवले आणि ‘इतर गप्पा’त मी लिहिले: ‘उज्वलाआत्याने विचारले आहे म्हणून सांगते. डिसेंबरात मी विमानातून खाली आले. का, ते मला माहीत नाही. विषय या गटाचा नाही, हेही ठाऊक आहे.’

तू त्यावर फक्त ‘वाचले’ असे लिहिलेस, ते मला फार आवडले.

बाकीच्यांनी मात्र गटात काही लिहिले नाही. अर्पिताचा फोन आला. म्हणाली, ‘ताई, तुला खरंच वाटलं आम्ही तुझ्यावर हसतोय मनात? अगं, आम्ही धावपट्टीच्या पार त्या टोकाला उतरलो होतो. रेडिओ कुणाकडे नाही. वर बघून छत्र्या मोजत होतो. निकेशची झाली, दादांची झाली, माझी झाली. चौथी येईना. निकेश नुसता “उघड ना बाय, उघड” करत होता. दादा मटकन खालीच बसले मातीत. मग विमान उतरलं आणि दारातून तू उतरलीस, हातात हेल्मेट, एकदम तोंड पाडून. तुला काय विचारायचं होतं आम्ही? तू दिसत होतीस, तेवढं पुरे होतं. ते फोटोसुद्धा नंतर काढले, तुला काही कळू नये म्हणून.’

मी म्हटले, ‘मग महिनाभर एक शब्द नाही?’

‘तुझाच नियम ना? आणि दादा बोलले, आपन तिला मेली समजलो व्हतो, ह्ये तिला कधी सांगायचा नाय.’

मी इतकी वर्षे लोकांना समजावते आहे, की दुसऱ्याच्या छत्रीकडे नजर ठेवा. न उघडलेल्या छत्रीकडे खालून बघणाऱ्याचे काय होते, हा भाग माझ्या शिकवण्यात कधी आलाच नाही. त्यांच्या गप्पांचा अर्थ मी जो लावला होता, तो साफ उलटा निघाला. याने माझा गोंधळ मिटला असे मात्र नाही. हात का सुटला नाही, ते कालइतकेच आजही कळत नाही. एक गोंधळ दोन माणसांत वाटला गेला की हलका होतो की दुप्पट, याचे काही सूत्र माझ्याजवळ नाही.

आज दुपारी मग निकेशने गटात लिहिले. आज पेणला नेट नव्हते असे तू फोनवर कळवलेस, म्हणून जसेच्या तसे उतरवते.

‘उन्नतीताई, एक डाऊट हाय. आपल्या त्या विमानातनं तू वर किती येला गेली असशील. पन लँड कवा झालेली का?’

मी विचार न करता खरे उत्तर दिले: ‘नाही. पहिल्यांदाच.’

‘पयल्यांदा बोलली! दादा, लिवून ठेवा! पापलेट!’

हरेशदादा: ‘मोठी बग. बारकी चालनार नाय.’

अर्पिता: ‘आणि आत्यांचं पहिल्या फोटोचं बाकी आहेच. दोन पार्ट्या.’

वर्गात मुलांच्या वह्या तपासत होते. मुलांसमोर मी हसले की रडले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मागच्या बाकावरून पाण्याची बाटली पुढे आली, एवढे खरे.

तेव्हा असे ठरले आहे. येत्या रविवारी दिवाळ्याला निकेशच्या घरी जेवण. मासळी त्याची आई निवडणार, तळणार मी. तू शनिवारीच ये, पापड घेऊन. टाकीचे झाकण आता बसवले आहे. बगळा पडला नव्हता, असे निकेश शपथेवर सांगतो.

फेब्रुवारीसाठी मी आपली दोघींची नावे कळवली आहेत. तुझी अट मात्र मला मंजूर नाही, आणि तिच्या जागी माझी एक आहे. मी विमानात बसेन, एवढाच शब्द मी देऊ शकते. दाराशी हात सुटेल की नाही, ते मला आज सांगता येत नाही, आणि सांगता येते असा आव मी तुझ्यापुढे आणणार नाही. मी गेले, तरी तू माझ्यामागे यायला बांधलेली नाहीस. मी राहिले, तरी तू राहायला बांधलेली नाहीस. मात्र आपल्यापैकी जी विमानातून खाली येईल, तिला दुसरीने शिडीपाशीच विचारायचे, ‘का गं?’ उत्तर आले नाही तरी चालेल.

बाकीच्यांसाठी जुना नियम तसाच राहील.

विमानातून वर जाणारी आणि एकदा विमानातूनच खाली आलेली,
तुझी
उन्नती