आठवड्याचे वीस तास

प्रिय हट्टोबा,

अक्षर ओळखलंच असशील आणि पाकीट न फोडता बाजूला ठेवायचा विचारही करून झाला असेल. ठेवू नकोस. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा आज लिहितेय म्हणजे तसंच काही असणार, एवढं तरी डोकं चालव. आणि तुझ्या ताईवर रागावू नकोस. तिनेच फोन करून सांगितलं मला, की तुझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, डॉक्टरांनी वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्या म्हणून बजावलंय, आणि तू त्यांना आपलं ठरलेलं उत्तर दिलंस, बघू. अरे, झडप म्हणजे काय नळाचा वायसर आहे का, आणखी चार महिने गळला तरी चालेल असा? दुकानदारीत तुला कसला विमा नाही, हे तिने सांगायची गरजच नव्हती. फोन ठेवल्यावर आधी तुझा राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. त्या रागातच मी कामाला लागले.

म्हणजे काम शोधायला लागले. चौपन्नाव्या वर्षी, घरात बसून लोकांच्या पँटच्या चेन बदलण्यापलीकडे काही न केलेली बाई, आणि तिची अट काय, तर काम अर्ध्या दिवसाचं हवं पण विमा अख्ख्या कुटुंबाचा हवा. पहिल्याच ठिकाणी, एका बेकरीत, मी खुर्चीत टेकले न टेकले तोच विचारलं की नवरा वेगळा राहत असेल तर तो कुटुंबात धरतात का. मालक म्हणाला, बाई, आधी पाव तर भाजून दाखवा. आले तोंड पाडून. दुसरीकडे, औषधांच्या गोदामात, आठवड्याला एकोणीस तासांचं काम देत होते. का एकोणीस? तर विमा विसाव्या तासाला लागू होतो, म्हणून सगळ्यांना एकोणीसच. मी म्हटलं, वरचा एक तास फुकट करते, काय बिघडलं? तर म्हणे तसं बसत नाही नियमात. तिसऱ्या ठिकाणी विमा होता, पण फक्त काम करणाऱ्याचा. मला काय धाड भरलीय! तिथे मीच नको म्हटलं.

चौथ्या खेपेला शहाणी झाले आणि विम्याचं शेवटी विचारलं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातली लॉन्ड्री आहे. दुपारी एक ते पाच, आठवड्याचे पाच दिवस, मोजून वीस तास. आमच्या मुख्य बाईला आम्ही तिच्या पाठीमागे कडक इस्त्री म्हणतो. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की विमा तीन महिने भरल्यावर सुरू होतो आणि मधे खाडा पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी एकही खाडा केला नाही. एकदा अंगात ताप होता तरी गेले, आणि चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरशेजारी उभी राहिले म्हणजे तोंड लाल का झालंय ते कुणाला कळणार नाही, असा हिशेब केला. कडक इस्त्रीला कळलं होतं. तिने मला पंख्याखाली रुमालांच्या घड्या घालायला बसवलं. बाई वाटते तेवढी वाईट नाही.

चादरींचं काम दोघींचं असतं. रोलरमधून चादर बाहेर आली की दोन टोकं माझ्याकडे, दोन जोडीदारणीकडे. झटकायची, ताणायची, जवळ यायचं, तिच्या हातात टोकं द्यायची, मागे जायचं. पहिल्या दिवशी मी टोकं दिलीच नाहीत, चादर हनुवटीखाली धरून एकटीच घडी घालायला लागले. ती पलीकडून नुसती बघत उभी. सहा वर्षांत सवयच ती झाली, काय करणार? घरी कोण धरणार दुसरी बाजू? ती खूप हसली आणि मीही हसले, पण नंतर हात धुवायला म्हणून गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले जरा वेळ. सरळच लिहिते, मला फार एकटं वाटतं रे. कामाला निघताना रेडिओ चालू ठेवून जाते, म्हणजे परत आल्यावर दाराबाहेरून कुणीतरी बोलताना ऐकू येतं. एका माणसाचा स्वयंपाक मला अजून जमत नाही, रोज उरतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना नेऊन देते, ते रोज मीठ कमी आहे म्हणतात आणि रोज सगळं संपवतात.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचंही लिहूनच टाकते. मला मुतखड्याच्या कळा येत होत्या, हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या मुलीने तुझ्या कारखान्याचं विम्याचं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, हे चार महिन्यांपूर्वीच बंद झालंय. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय, माझा नवरा आत्ता कामावर आहे, सकाळी मीच डबा भरून दिलाय. मागे रांगेतली माणसं ऐकत होती. चार महिने मी ज्या नोकरीचा डबा भरत होते ती नोकरीच उरली नव्हती, आणि तू तो डबा मित्राच्या गाळ्यात बसून, लोकांची शिलाई मशीनं उघडून, खात होतास. दुकान नीट चालायला लागलं की सांगणार होतास म्हणे. तुला स्वतःचं दुकान हवं होतं याचा मला कधीच राग नव्हता. मला विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं, तीन दिवस अबोला धरला असता आणि चौथ्या दिवशी दुकानाचे पडदे शिवायला बसले असते. ओळखत नव्हतास का मला? पण त्या संध्याकाळी मी जे बोलले, की तुझ्या भरवशावर मांजरसुद्धा ठेवणार नाही, ते बोलायला नको होतं. तू पिशवी उचललीस तेव्हा मला वाटलं, येईल दोन दिवसांनी. तुला वाटलं असेल, बोलावेल दोन दिवसांनी. हट्टोबा तुला म्हणते खरी, पण मीही काही कमी नाही. वकिलाची पायरी दोघांनीही चढली नाही. लोक म्हणायचे आळस, मी म्हणायचे वेळ कुठे आहे.

सोमवारी माझे तीन महिने भरले आणि फॉर्म हातात आला. कुटुंबातल्या माणसांसाठी त्यात पाच ओळी आहेत. चार रिकाम्या सोडल्या. पहिल्या ओळीत तुझं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात नवरा लिहिलं. बारीक अक्षरातलं सगळं भिंगातून वाचून काढलंय, जुनं दुखणंही चालतं, झडपेचं ऑपरेशन यादीत आहे. तू मला न विचारता नोकरी सोडलीस, मी तुला न विचारता धरली, आता फिटंफाट समज. आणि हो, पूर्ण दिवसाचं काम इथे सहज मिळत होतं. मी नको म्हटलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे माणसाला एकटं ठेवायचं नसतं, असं ताईला डॉक्टरांनी सांगितलंय. सकाळी मी घरी असते, आणि दुपारी चार तास खालचे आजोबा बसायला तयार आहेत. त्यांना विचारून ठेवलंय.

फॉर्मवर तुझी सही लागते, वीस तारखेच्या आत. नुसता फॉर्म पाकिटात घालून पाठवला असता तरी चाललं असतं, पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय पाठवायचा नव्हता. मी कचेरीतल्या माणसाला विचारलं, नवराबायको एकाच पत्त्यावर राहायला हवेत अशी अट आहे का? तो म्हणाला, नाही, कुठेही राहू देत, सही पुरे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा विचारलं. तेच उत्तर. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अट असती तर तुला ये म्हणून लिहिणं किती सोपं झालं असतं, सगळा दोष फॉर्मवर ढकलला असता मी. आहे असं खोटंच लिहावं, हेही मनात येऊन गेलं, पण लपवाछपवी एकदा झाली तेवढी बस. तर अट नाही. सही करून पोस्टात टाकलास तरी तुझं ऑपरेशन होईल, ते मी करवून घेईन, आणि त्यानंतर मला एक शब्द लिहायलाही तू बांधलेला नाहीस. पण मला विचारशील, तर पोस्टात टाकू नकोस. घेऊन ये.

अजून तुझीच,
मी