पहिली टाळी

केडगाव, १९४६

प्रिय आईस सप्रेम सलाम,

रविवारी चर्चमध्ये मंडळीच्या महिला सभेत प्रत्येकीला सर्वांत थोर वाटणाऱ्या बाईविषयी बोलायचं होतं. मी आमच्या शाळेच्या मडमबाईंचं नाव घेतलं. मला देवी आल्या तेव्हा अठरा दिवस कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून त्यांनीच मला जगवलं, असं सांगितलं. पहिली टाळी मागून तू वाजवलीस. बाहेर म्हणालीस, “लई बेस बोललीस, रेबे.”

मला देवी आल्या तेव्हा मडमबाई महाबळेश्वरला होत्या. तरी रविवारी सभेत समोर बसूनही त्यांनी माझं बोलणं खोडलं नाही. सोमवारी मला शाळेतल्या नोकरीत कायम केलं.

तुला आलेली पत्रं चर्चचे पाळकसाहेब वाचून दाखवतात, म्हणून हे माझ्या पेटीतच ठेवते.

पाला रोज तू बदलायचीस, आई.

तुझी,
रेबेका